बाइशारी सेन्सेई

माझं नाव वैशाली. पासपोर्टवर ते व्हीनं सुरू होतं, आपल्याकडच्या सगळ्याच वैशाल्यांचं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही. इथं आल्यावर नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी तो व्ही बघितला, पेन जरासं हवेत धरलं आणि जपानी लिपीत लिहून टाकलं, बाइशारी. 'व्ह' त्यांच्याकडे नाही म्हणून 'ब', 'ल' नाही म्हणून 'र'. झालं. तेव्हापासून बँकेच्या पासबुकात बाइशारी, विम्याच्या कार्डावर बाइशारी, शाळेत बूट ठेवायच्या कप्प्यावर बाइशारी. घरी जाताना "बाय बाय, बाइशारी" म्हणायला पोरांना भारी मजा येते, आणि सहावीतल्या एका पोराच्या घरचं सुशीचं दुकान आहे, त्यानं पहिल्याच आठवड्यात शोध लावला की 'बाइ' म्हणजे दुप्पट आणि 'शारी' म्हणजे सुशीतला भात, त्यामुळे माझं नाव खरं तर डबल भात आहे. (शारी हा शब्द मूळचा आपलाच, संस्कृत 'शरीर'. बुद्धाच्या अस्थींना शारी म्हणतात आणि त्या बारीक पांढऱ्या कणांसारखा दिसतो म्हणून भातालाही, असं सांगतात. त्या पोराला हे मी सांगितलं नाही, जेवणाची वेळ होती.)

जागा वाकायामा. ओसाकाच्या दक्षिणेला, समोर समुद्र, मागं लगेच डोंगर, डोंगराच्या उतारावर संत्र्यांच्या बागा. गावाचं नाव सांगत नाही, शाळेत सगळी मिळून शंभराच्या आत पोरं आहेत, लगेच कळेल कुणाचं काय ते. नवरा इचलकरंजीचा, टेक्स्टाइल इंजिनियर. इचलकरंजी जशी लूमची तसं वाकायामा निटिंगचं, त्यामुळे तो इकडं आला तो इथलाच झाला, त्याला इथला कायमचा परवाना मिळाला, मग लग्न झालं, मग मी. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मी इथं इंग्रजी शिकवायला म्हणून आलेली नाही. तशी येऊच शकले नसते.

झालं असं की इथं शाळेत इंग्रजी शिकवायचा जो व्हिसा असतो त्याला अट आहे, त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. मी बोटं मोजून बघितली. पहिली ते दहावी जिल्हा परिषद आणि मग हायस्कूल, मराठी माध्यम, वाळवा तालुका. अकरावी-बारावी दोन, बीए तीन, एमए दोन, बीएड एक. आठ. इंग्रजीत एमए केलेली बाई इंग्रजी शिकवायला चार वर्षं कमी पडते. पण कायमचा परवाना असलेल्या माणसाची बायको म्हणून जो व्हिसा मिळतो त्याच्यावर काहीही काम करता येतं, म्हणजे शिक्षण कमी पडलं पण लग्न पुरलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मी काय म्हनत हुते?"

तरी सुरुवातीला एका कंपनीत मुलाखत दिली होती, शाळांना परदेशी मास्तर पुरवणारी कंपनी. बाई फोनवर इतकं गोड बोलत होत्या की नकार मिळालाय हे मला फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी कळलं. शाळांना 'नेटिव्ह' हवे असतात, असं काहीतरी होतं त्यात. मला त्या शब्दाची गंमत वाटत राहिली. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' होती, तेव्हा इंग्रज ज्याला नेटिव्ह म्हणायचे तो म्हणजे आपण. आता इंग्रजीचा नेटिव्ह म्हणजे आपण सोडून बाकीचे. शब्द तोच, आपण मात्र दोन्ही वेळेला चुकीच्या बाजूला.

शेवटी गावच्या शिक्षण मंडळानं घेतलं. जपानी येतं (पुण्यात दोन वर्षं क्लास लावला होता, लग्नाआधी, उगाच, कंपनी मिळेल म्हणून), घर जवळ आहे, आणि मला वाटतं दुसरं कुणी अर्ज केला नव्हता. हुद्दा असिस्टंट लँग्वेज टीचर, सगळे एएलटी म्हणतात. १९८७ पासून सरकारची जेट नावाची योजना आहे, तिच्यातून जगभरची तरुण पोरं पदवी झाली की अशी एएलटी म्हणून येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात, जातात. त्यांच्यात मी चाळिशीची, घरी तुरीची डाळ शिजवणारी. करार एक-एक वर्षाचा. दर वर्षी फेब्रुवारी आला की पोटात गोळा येतो.

सकाळी दोन डब्यांची लोकल, तासाला एक. चुकली तर संपलं. शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढायचे, आतले घालायचे, आणि या एका कामात मी पहिल्या महिन्यात जितका अपमान करून घेतला तितका इंग्रजीत कधी नाही. आतले बूट घालून बाहेरच्या फरशीवर एक पाऊल पडलं की पहिलीतलं पोर सुद्धा "आऽऽ!" करून ओरडतं. मग स्टाफरूम. सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून, तोंडं समोरासमोर, लपायला जागा नाही. उपमुख्याध्यापक, म्हणजे क्योउतो-सेन्सेई (सेन्सेई म्हणजे सर किंवा बाई), सगळ्यात आधी येतात, सगळ्यात शेवटी जातात आणि मधल्या वेळात लेबलं छापतात. त्यांच्याकडे लेबलं छापायचं एक छोटं मशीन आहे. कात्री, पंच, चहाचा डबा, खिडकीची कडी, सगळ्यावर लेबल, एकसारखं, एका ओळीत. एखादं लेबल वाकडं झालं तर ते नखानं काढून परत लावतात. माणूस तसा चांगला आहे.

संध्याकाळी कुणी घरी निघालं की सगळे म्हणतात "ओत्सुकारेसामा देसु". पुस्तकात याचा अर्थ तुमच्या श्रमांबद्दल आभार वगैरे दिलेला. मला तो आमच्या चुलतीच्या तोंडात ऐकू येतो, रानातनं आलेल्या माणसाला ती म्हणायची, "दमलासा?" तेवढंच. उत्तर नको असतं.

आता वर्ग. मी आत गेले की सगळे उभे राहतात आणि मी "हाउ आर यू?" म्हटलं की एका सुरात, एका चालीत, "आय ॲम फाइऽऽन, थँक्यू, अँड यूऽऽ?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाळव्यातल्या आमच्या वर्गाचा वास आला, खरंच, सारवलेल्या जमिनीचा. "गुड माऽऽर्निंग सऽऽर... सिट डाऊऽऽन... थँक्यू सऽऽर". आम्ही पण असंच गायचो, अर्थ कुणाला ठाऊक होता. तापानं फणफणलेलं पोर सुद्धा इथं आय ॲम फाइन म्हणतं, कारण गाण्यात तेच आहे.

आणि इथं पण पाचवीच! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून झालं, पण तोवर आमची गाडी निघून गेली होती, त्यामुळे मी ए बी सी डी पहिल्यांदा काढली तेव्हा दहा वर्षांची होते आणि त्याच वर्षी मला चष्मा लागला, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकच आहेत. जपाननं २०२० मध्ये पाचवी-सहावीला इंग्रजी हा पक्का विषय केला, वर्षाला ७० तास, तास म्हणजे ४५ मिनिटं. तिसरी-चौथीला ३५ तास, नुसती ओळख. आणि शिकवायचं कुणी? वर्गशिक्षकांनी. जो माणूस गणित, भाषा, चित्रकला, पोहणं सगळं शिकवतो त्यानंच. आमच्याकडे २००० साली पहिलीच्या गुरुजींची जी गत झाली असेल ती इथं मी डोळ्यांनी बघते.

पाचवीचे सर पन्नाशी ओलांडलेले. दोरीवरच्या उड्या पोरांपेक्षा जास्त मारतात, पण इंग्रजीचा तास आला की कपाळाला घाम. एकदा शाळा सुटल्यावर ते माझ्या टेबलाशी आले, हातात वही, आणि अगदी हळू आवाजात विचारलं की बाइशारी सेन्सेई, 'ए' कुठं आणि 'द' कुठं हे कसं कळतं? आधी जे परदेशी शिक्षक होते त्यांना मी विचारलं होतं, ते म्हणाले कानाला बरोबर वाटतं तिथं. माझ्या कानाला तर काहीच वाटत नाही.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माझ्या पण कानाला काही वाटत नाही! मराठीत कुठं आहे ए आणि द? जपानीत पण नाही. आमचे पाचवीचे गुरुजी सांगायचे "द म्हंजे तो", आणि मी बारावीपर्यंत प्रत्येक द ला तो म्हणून बघत होते. मी सरांना खुर्ची दिली आणि मला जसं पाठ आहे तसं सांगितलं, पहिल्यांदा आला तर ए, ओळख झाली की द, जगात एकच असेल तर द, सूर्याला द, चंद्राला द, नद्यांना द, गावांना नाही. ते उतरवून घेत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही पण हे पाठ केलंय? म्हटलं हो, घोकलंय. त्यांनी वही मिटली आणि हसायला लागले, आणि खरं सांगते त्या दिवसापासून त्यांचा घाम कमी झाला.

हे एक माझ्याकडे आहे. पोरं कुठं अडखळणार हे मला आधी कळतं, कारण मी तिथंच पडलेली आहे. त्यांच्याकडे 'सि' नाही, 'शि' आहे, त्यामुळे "सिट डाउन" मोठ्यानं म्हणायला लावायच्या आधी दोनदा विचार करावा लागतो. बस आणि बाथ दोन्ही 'बासु'. परवा एक मुलगी सांगत होती की ती रोज बाथनं शाळेत येते. हॅट आणि हट दोन्ही 'हात्तो'. आपल्याकडे कुणा शहाण्यानं अ वर आणि आ वर चंद्र काढून ॲ आणि ऑ करून ठेवले, बॅट-बॉलची सोय झाली, पण कागदावर सोय झाली म्हणून तोंडाची होतेच असं नाही. आमच्या गावात स्टेशन टेसन होतं, ऑफिस हापिस आणि डॉक्टर डागदर. इथं मॅकडोनाल्ड्सचं माकुदोनारुदो. टेसनवाल्यांनी माकुदोनारुदोवाल्यांना हसायचं म्हणजे अवघड आहे.

पण एक पोरगा अजिबात बोलायचा नाही. खिडकीजवळचा. वर्गातली एकोणीस पोरं गात असली तरी याचे ओठ मिटलेले. मी आधी लाजरा समजले. मग सरांनी सांगितलं, तो आजीकडे वाढलाय. या भागातली म्हातारी माणसं 'झ' ला 'द' म्हणतात, झेन्झेन ला देन्देन, ही वाकायामाची जुनी बोली आहे, आता शाळकरी पोरांत फारशी उरलेली नाही. तिसरीत असताना हत्तीचं चित्र दाखवल्यावर यानं झोउ ऐवजी दोउ म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. जपानीच्या तासाला! स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गावात. मग इंग्रजीत कोण तोंड उघडेल.

त्याची आजी मला माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी समाज मंदिरात, म्हणजे समाज मंदिरासारखंच असतं ते, मी म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी शिकवते. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. इंग्रजी कमी आणि संत्री जास्त, हिवाळ्यात प्रत्येकीच्या हातात पिशवी, घरात इतकी संत्री होतात की मी सालीचा मुरांबा सुद्धा करून बघितला. आजींना मी विचारलं तर त्या खदखदून हसल्या, म्हणाल्या आमची जीभच तशी आहे, फडक्याला झोउकिन म्हणायला गेलं तर दोउकिनच निघतं तोंडातनं, सत्तर वर्षं फरशी पुसतेच आहे त्यानं.

फडक्यावरून आठवलं. जेवणानंतर अख्खी शाळा झाडलोट करते. शिपाई नाही. पोरं ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीला दाबून, पार्श्वभाग वर करून कॉरिडॉरभर पळत सुटतात, शर्यत लावतात. मुलगे, मुली, मास्तर, मी. आमच्या शाळेत शनिवारी सारवायला मुलीच असायच्या. मुलगे शेण आणून द्यायचे, पाणी आणायचे, आणि बाहेर उभं राहून हसायचे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, आता त्या मुलग्यांची नावं आठवून आठवून राग येतो.

जेवण सगळ्यांना एकच. पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं वाढतात, मुख्याध्यापक अर्धा तास आधी जेवून बघतात की खाण्यासारखं आहे ना, मग बाकीचे. भात, सूप, मासा, दुधाची २०० मिलीची पिशवी. किंवा पाव, त्याला इथं पान म्हणतात, आपला पाव आणि यांचा पान दोन्ही पोर्तुगीजांनी एकाच पोत्यातनं दिलेले. महिन्याचा मेनू आधी घरी येतो, त्यात बीफ-पोर्क असेल त्या दिवशी मी डबा नेते. एकदा मेनू नीट वाचला नाही आणि ताटात काळपट तळलेले तुकडे आले, छान लागले, दुसरा खाताना शेजारच्या पोरीनं सांगितलं की हा देवमासा. वाकायामात पूर्वापार देवमाशाची शिकार, त्यामुळे शाळेच्या जेवणात कधीमधी असतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

कुठल्याही वर्गात मागच्या भिंतीवर हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा, तक्ता असतो. आ का सा ता ना, हा मा या रा वा. पहिल्या दिवशी मी तो नुसता बघत उभी राहिले. आ इ उ ए ओ. मग क, मग आपलं च-वर्गाच्या जागी स, मग त, न, मग प-फ च्या जागी ह, कारण पूर्वी ह चा उच्चार प होता, मग म, य, र, व. ही आपली बाराखडीच की! संस्कृत मंत्र वाचायला बौद्ध भिक्षू सिद्धम लिपी शिकायचे, त्या वर्णमालेच्या क्रमावरनं हा तक्ता बसला. त्याचं मोठं ठिकाण इथनं फार लांब नाही, कोयासान, डोंगरावरचं मठांचं गाव, ८१६ साली कूकाई नावाच्या साधूनं वसवलेलं. आम्ही दोघं नोव्हेंबरात गेलो होतो, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला, त्याला फूल वाहिलं, आणि मग देवदारांच्या खालनं त्या स्मशानातनं चालत गेलो. दोन लाखांच्या वर समाध्या. लाकडी फळ्यांवर वरनं खाली पाच अक्षरं, ख ह र व अ, आकाश वारा आग पाणी माती. वळण वेगळं आहे, पटकन वाचता येत नाही, पण एकदा कळलं की कळतं. नवरा म्हणाला, बघ, हजार वर्षांपूर्वी आपली माणसं इथं भाषा शिकवत होती आणि त्यांना कुणी बारा वर्षांचा दाखला मागितला नाही. म्हटलं, कूकाई स्वतः चीनला जाऊन शिकून आला होता.

आणि ५ नोव्हेंबर. हा दिवस इथं पोरांच्या हाडात आहे. १८५४ मध्ये मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली, तेव्हा हिरो गावच्या हामागुची गोर्यो नावाच्या माणसानं अंधारात लोकांना वाट दिसावी म्हणून भाताच्या गंज्या पेटवून दिल्या आणि गाव उंचावर नेलं. नंतर स्वतःचे पैसे घालून समुद्राकाठी बांध बांधला, पाच मीटर उंच आणि सहाशे मीटर लांब, तो १९४६ च्या त्सुनामीत कामाला आला. जुन्या जपानी पंचांगातल्या त्या तारखेवरनं आता ५ नोव्हेंबरला युनोचा त्सुनामी जागृती दिन असतो. आमच्या शाळेत भोंगा वाजतो, पोरं बाकाखाली जातात, मग डोंगरावरच्या देवळाकडं पळत. त्या दिवशी मी इंग्रजीची नसते, मी पहिलीतल्या दोन पोरांच्या हातांची असते. गेल्या वर्षी वर पोचेपर्यंत माझाच श्वास इतका लागला होता की ती दोन पोरंच मला ओढत होती.

सहावीच्या पुस्तकात आपल्या गावाची माहिती सांगा असा धडा असतो, त्यात सुशीवाल्याच्या पोरानं उभं राहून सांगितलं, "ही फायर राइस. पीपल सी. पीपल रन. एव्हरीवन ओके." काळ नाही, ए नाही, द नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, दुरुस्त करू का म्हणून. मी मान हलवली, नको. गाव वाचलं की त्यात.

आता त्या तासाबद्दल, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. फेब्रुवारी होता, करार पुढं होणार का याचं पत्र यायचं होतं. पाचवीत खेळांची नावं चालली होती. इथं डिजिटल पुस्तक असतं, सरांनी बटण दाबलं, आतली बाई म्हणाली "व्हॉलीबॉल". मग मी म्हटलं. मग पोरांनी म्हटलं, "बारेबोरु". आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सेन्सेई, तुमचं आणि तिचं वेगळं आहे.

सर एकदम घाबरले, माझ्या वतीनं. पण पोरगी बरोबर होती. बटण परत दाबलं, परत ऐकलं. वेगळं होतं. एमएला आम्हाला फोनेटिक्सचा पेपर होता, त्यात मला चांगले मार्क होते, व्ही म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडणे हे मी आकृती काढून लिहून आले होते. दात, ओठ काहीही न हलवता. वाइन आणि व्हाइन मी जन्मभर एकच म्हणत आलेय आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या आजूबाजूला सगळे एकच म्हणत होते. मी वर्गाला सांगितलं, माझं चुकतंय. आमच्या भाषेत हा आवाज नाही, तुमच्या पण नाही. चला.

मग पुढची वीस मिनिटं पाचवीचा वर्ग, पन्नाशीचे सर आणि मी, सगळे खालचा ओठ चावून व्ह्ह्ह्ह करत बसलो होतो. भुंग्यांचं पोळं. सरांचा चष्मा थुंकीनं भरला. एकीनं तोंड धुवायच्या जागेचा आरसा काढून आणला. क्योउतो-सेन्सेई दारातनं डोकावून गेले, काही बोलले नाहीत. जमलं. जमल्यावर पोरांना चेवच आला, व्हॉलीबॉल, व्हेजिटेबल, व्हायोलिन, आणि मग कुणीतरी ओरडलं की आता सेन्सेईचं नाव! आणि एकोणीस पोरांनी ओठ चावून, जोर लावून म्हटलं, "व्ह्ह्हैशारी!"

मला फार भारी वाटलं. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं बघा, आता बरोबर झालं.

खिडकीजवळच्या पोरानं हात वर केला. त्याचा हात वर गेलेला मी त्या वर्षात पहिल्यांदा बघितला. त्यानं जपानीतच विचारलं, सेन्सेईची आई सेन्सेईला काय म्हणते?

मी म्हटलं, वैशाली.

तो म्हणाला, परत.

वैशाली.

"व्ह नाहीये ते," तो म्हणाला. "'वा' आहे."

वर्ग गप्प. मी मनात म्हणून बघितलं. मग मोठ्यानं. मग आरसा घेतला, तो अजून टेबलावरच होता, आणि आरशात बघून म्हटलं. दात कुठंच लागत नव्हते. ओठ नुसते एकमेकांजवळ येऊन परत फिरत होते. वा तर त्यांच्याकडं आहे, तक्त्यात शेवटच्या ओळीला, आ का सा ता ना पासून खाली. चार वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं असतं तर वाइशारी लिहिलं असतं, त्यांनी पासपोर्टकडं बघितलं. आणि पासपोर्टवर व्ही कुणी घातला? आम्हीच. सरांनी फळ्यावर 'वा' लिहिलं आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला, इथं लाल गोल म्हणजे बरोबर.

सुशीवाल्याच्या पोराला मधल्या सुट्टीत कळलं आणि तो खरंच नाराज झाला, कारण डबल भात गेला.

माझं पत्र आलं, अजून एक वर्ष. मार्चच्या शेवटी मास्तरांच्या बदल्या पेपरात छापून येतात, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या बदल्यांइतकीच तेव्हा इथं कुजबुज असते, फक्त आवाज कमी. पाचवीच्या सरांचं नाव होतं त्यात, डोंगरातल्या शाळेवर. जाताना त्यांनी ती ए आणि द ची वही मला दाखवली, भरली होती. मी म्हटलं दमलात? म्हणजे ओत्सुकारेसामा देसु. ते म्हणाले, अजून नाही.

नाव बदलायचं म्हणून मी बँकेत विचारलं होतं. बँकेनं बदलायचं तर विम्याचं आधी, विम्याचं बदलायचं तर नगरपालिकेचं आधी, सोडून दिलं. एप्रिलमध्ये शाळा उघडली त्या दिवशी बूट काढायला वाकले तर माझ्या कप्प्यावर, छापलेल्या लेबलातल्या 'बा' वर, वहीच्या कागदाचा चौकोनी तुकडा सेलोटेपनं चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीनं 'वा'. अक्षर पोराचं, कागद तिरका, एका कोपऱ्यात सेलोटेप कमी पडलेला. क्योउतो-सेन्सेई रोज सकाळी सगळ्यात आधी येतात आणि तो कप्पा त्यांच्या वाटेतच आहे. आता जून लागला. अजून काढलेलं नाही त्यांनी.